अळणी प्रेमाची गोष्ट

झॉम्बीपट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? फाटके कपडे, लोंबणारे हात, माणसांच्या मागे लागलेला भुकेला जमाव आणि बंदूक घेऊन गच्चीवर चढलेले चार-पाच जण. (झॉम्बी बरं का. आनंद यादवांची 'झोंबी' नव्हे, ते पुस्तक फार वेगळ्या आणि खऱ्या भुकेबद्दल आहे.) त्यामुळे २०१३ साली 'वॉर्म बॉडीज' आला तेव्हा मोठी गंमत वाटली होती. झॉम्बी मुलगा, जिवंत मुलगी आणि दोघांचं चक्क प्रेम! मुलाचं नाव नुसतं 'आर', मुलीचं ज्यूली, मध्ये एक बाल्कनीचा सीन. म्हणजे रोमिओ-ज्युलिएटच की. झॉम्बीपटात प्रेमकथा घुसवायची काय भन्नाट आयडिया आहे, असं वाटणं साहजिक होतं.

इतिहास मात्र बरोब्बर उलटा आहे. प्रेमकथा झॉम्बीपटात पहिल्या दिवसापासून आहे. जमाव आणि भूक ही मागाहून आलेली पाहुणेमंडळी. पहिला पूर्ण लांबीचा झॉम्बीपट म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'व्हाइट झॉम्बी' १९३२ सालचा. त्यात कोणी कोणाला चावत नाही. त्यात एक मुलगी आहे, तिचा नवरा आहे आणि तिच्यावर लट्टू झालेला एक श्रीमंत मळेवाला आहे. प्रेमाचा त्रिकोण, बस्स.

गोष्ट घडते हैतीत. मॅडलिन ही अमेरिकन मुलगी लग्नासाठी बोटीने तिथे येते. होणारा नवरा नील हा राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये, बँकेत नोकरीला. बोटीवर तिची बोमाँ नावाच्या मळेवाल्याशी ओळख झालेली असते. तो म्हणतो, लग्न माझ्या वाड्यावरच करा, सगळी व्यवस्था माझ्याकडे लागली. शिवाय नीलला बँकेतून सोडवून न्यूयॉर्कला आपला प्रतिनिधी म्हणून पाठवायचं आमिष. आता एवढं सगळं कोणी फुकट द्यायला लागलं की शहाण्या माणसाने तिथून निघावं! पण सिनेमात कोणी निघत नाही. बोमाँ लग्नाच्या दिवसापर्यंत मॅडलिनची मनधरणी करतो, ती ऐकत नाही. तेव्हा तो जातो लजाँद्र नावाच्या माणसाकडे. लजाँद्रची साखरेची गिरणी आहे आणि तिथे काम करणारे सगळे झॉम्बी. भूमिका बेला लुगोसीची, म्हणजे आदल्याच वर्षी ड्रॅक्युला गाजवलेला नट. तो बोमाँला एक पूड देतो. बोमाँ ती फुलातून मॅडलिनला हुंगवतो. लग्नाच्या जेवणातच ती कोसळते, तिला पुरतात, आणि रात्री थडग्यातून काढून नेतात.

पुढे येतो तो या सिनेमातला माझ्या मते सर्वांत भीतीदायक प्रसंग, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही. मॅडलिन पियानो वाजवते आहे. बोमाँ तिच्या गळ्यात हार घालतो. ती काहीच करत नाही. नको म्हणत नाही, हसत नाही, वळूनही बघत नाही. त्याला हवी होती ती समोर बसलीय, आणि तिथे कोणीच नाहीये. तो मोडतो. लजाँद्रला म्हणतो की तिला परत आण, तिने माझा द्वेष केला तरी चालेल, पण हे रिकामे डोळे बघवत नाहीत.

सिनेमा तसा कच्चा आहे हं. अकरा दिवसांत उरकलेला, खर्च साधारण पन्नास हजार डॉलर, सेट युनिव्हर्सलच्या आधीच्या भयपटांचे. अभिनय मूकपटाच्या सवयीचा, अंगविक्षेपी. समीक्षकांनी झोडपला, लोकांनी गर्दी केली. दिग्दर्शक व्हिक्टर हाल्पेरिन आणि निर्माता त्याचा भाऊ एडवर्ड. त्याच वर्षी ब्रॉडवेवर 'झॉम्बी' नावाचं नाटक येऊन पडलं होतं, त्याच्या लेखकाने हाल्पेरिन बंधूंवर नावावरून दावा ठोकला आणि तो हरला. शब्द इतका नवा होता की त्यावर कोर्टकचेरी व्हावी! इंग्रजी वाचकांच्या तोंडी तो तीनच वर्षांपूर्वी रुळला होता. आता त्या तीन वर्षांकडे, आणि त्याच्या मागच्या दीडशे वर्षांकडे जरा बघू. कारण बोमाँला जे कळलं ते हैतीतल्या लोकांना फार आधी कळलेलं होतं.

अठराव्या शतकात हैती ही फ्रान्सची वसाहत होती, नाव सँ-दोमिंग. सुमारे पाच लाख आफ्रिकन गुलाम आणि त्यांच्या जिवावर उसाचे आणि कॉफीचे मळे. जगातली सर्वांत किफायतशीर वसाहत म्हणत तिला. किफायतशीर म्हणजे कशी? गुलाम इतक्या लवकर मरत की सतत नवीन आणावे लागत. मरण ही एकच सुटका होती. आत्मा समुद्रापलीकडे गिनीला, पूर्वजांकडे, परत जातो अशी श्रद्धा होती. आणि मग या श्रद्धेच्याच पोटी सगळ्यात मोठी भीती जन्माला आली: मेल्यावरही सुटका झाली नाही तर? कोणीतरी थडग्यातून उठवून पुन्हा उसात उभं केलं तर? हैतीतला झॉम्बी म्हणजे ही भीती. तो कोणाला खात नाही, त्याच्यापासून कोणाला धोका नाही. लोक झॉम्बीला घाबरत नाहीत, झॉम्बी होण्याला घाबरतात.

(आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना युनिक्समधली झॉम्बी प्रोसेस माहीत असते. काम संपलेलं असतं, पण पालक प्रोसेसने तिच्या संपण्याची नोंद घेतलेली नसते, म्हणून यादीत नाव लटकत राहतं. तिला ठार करता येत नाही, कारण ती आधीच मेलेली आहे. पालकाने दखल घेतली की सुटते. ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याच्या डोक्यात भुकेला झॉम्बी असेल, पण वर्णन जास्त जुळतं ते हैतीच्या झॉम्बीशी :-) )

१७९१ साली गुलामांनी बंड केलं. तेरा वर्षं लढून, नेपोलियनचं सैन्य हरवून, १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. बंड करून स्वतःचं राष्ट्र उभं करणारे गुलाम जगाच्या इतिहासात हेच. त्याची शिक्षाही मिळाली. १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका पाठवून मळेवाल्यांच्या 'नुकसानभरपाई'पोटी पंधरा कोटी फ्रँक मागितले (१८३८ मध्ये ते नऊ कोटींवर आले). म्हणजे ज्यांना गुलाम केलं त्यांनीच मालकांना स्वतःची किंमत मोजायची. हे कर्ज आणि ते फेडायला काढलेली कर्जं देशाच्या मानगुटीवर पिढ्यान्‌पिढ्या बसली.

मग अमेरिका आली. १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकन नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतलं पाच लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं आणि पुढच्या जुलैत थेट देशच ताब्यात घेतला, तो १९३४ पर्यंत. (सिनेमातला आपला हीरो पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बँकेत नोकरी करतो, ते आठवतंय ना? सिनेमाला यात काही विशेष वाटत नाही.) परक्यांना जमीन विकत घ्यायची बंदी होती, ती १९१८ च्या नव्या राज्यघटनेत उठवली गेली. रस्ते बांधायला एक जुना कायदा उकरून काढून शेतकऱ्यांना वेठबिगारीला धरलं. दोरखंडाने बांधलेली माणसं रस्त्याच्या कामावर नेताना पाहून लोकांना काय आठवलं असेल ते सांगायला नको. त्यावरून बंड पेटलं. त्याचा नेता शार्लमाञ पेराल्त १ नोव्हेंबर १९१९ ला मारला गेला. त्याचं प्रेत फळीला बांधून फोटो काढला आणि दहशत बसावी म्हणून त्याच्या प्रती गावोगाव वाटल्या.

या ताब्याच्या काळात विल्यम सीब्रुक नावाचा अमेरिकन लेखक हैतीत येऊन राहिला. भटक्या, दारुडा, सनसनाटीची ओढ असलेला माणूस. त्याचं 'द मॅजिक आयलंड' हे पुस्तक १९२९ साली आलं आणि झॉम्बी हा शब्द अमेरिकेत घरोघरी पोचला. त्यात पोलिनिस नावाच्या हैतीयन शेतकऱ्याने सांगितलेली एक हकिकत आहे. खरीखोटी बाजूला ठेवा, पण गोष्ट म्हणून ती मला कुठल्याही झॉम्बीपटापेक्षा मोठी वाटते.

१९१८ चा उसाचा हंगाम. 'हास्को' म्हणजे हैतियन अमेरिकन शुगर कंपनीला मजूर कमी पडत होते. ती-जोझेफ नावाचा एक जण (आपल्याकडच्या उसाच्या भाषेत मुकादम) फाटक्या कपड्यांतल्या, खाली मान घातलेल्या माणसांची टोळी घेऊन आला. म्हणाला, ही लांबच्या डोंगरातली अडाणी माणसं आहेत, गोंगाटाला बुजतात, यांना लांबचा फड द्या. खरं कारण वेगळं होतं. ते होते झॉम्बी, आणि जवळ काम करताना कोणा नातेवाइकाने ओळखलं असतं तर पंचाईत झाली असती. दिवसभर ते ऊस तोडत, आठवड्याची मजुरी ती-जोझेफ घेई. त्याची बायको क्रोयांस त्यांच्यासाठी वेगळं जेवण रांधी. अळणी. कारण झॉम्बीच्या पोटात मीठ गेलं की त्याला कळतं आपण कोण आहोत.

एकदा नवरा सणासाठी शहरात गेला आणि क्रोयांसला या मुक्या माणसांची दया आली. ती त्यांना जत्रेला घेऊन गेली. तिथे तिने त्यांच्यासाठी गुळाच्या वड्या घेतल्या. गोड आहेत, मिठाचा काय संबंध, असा तिचा हिशोब. पण वडीतले दाणे आधी खारवलेले होते. झॉम्बींनी वड्या खाल्ल्या आणि एक मोठा हंबरडा फोडून सगळे उठले आणि डोंगराच्या दिशेने चालू लागले. कोणी अडवायला धजलं नाही. गावात पोचल्यावर घरच्यांनी त्यांना ओळखलं, हाका मारल्या. ते थांबले नाहीत. थेट स्मशानात जाऊन आपापल्या थडग्याची माती हाताने उकरू लागले आणि तिथेच मरून पडले.

आपल्याकडे मीठ खाल्लं की माणूस बांधला जातो. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे धन्याशी इमान राखायचं. हैतीत मीठ खाल्लं की माणूस खरोखरच जागा होतो आणि धन्याकडे पाठ फिरवून चालू लागतो. दोन्हीकडे मीठच, पण आपली म्हण धन्याच्या ओसरीवरून बोलतेय आणि त्यांची गोष्ट फडातून.

आता पुन्हा 'व्हाइट झॉम्बी'तल्या गिरणीत चला. बोमाँ पहिल्यांदा लजाँद्रला भेटायला जातो तो प्रसंग. टोपल्या डोक्यावर घेतलेल्या माणसांची रांग, मधोमध भलामोठा चरक, तो फिरवणारी माणसं. चालता चालता एक झॉम्बी तोल जाऊन आत पडतो. कोणी थांबत नाही, चरक फिरतच राहतो. लजाँद्र बोमाँला सुचवतो की तुमच्या मळ्यांवरही असे मजूर देऊ का, कामाच्या तासांची तक्रार करत नाहीत. बोमाँला किळस येते. तो म्हणतो, मला हे नकोय, मी दुसऱ्याच कामासाठी आलोय.

सगळा सिनेमा या नकारात आहे. मजूर असे नकोत, पण बायको अशी चालेल! त्याला दोन गोष्टी वेगळ्या वाटतात आणि लजाँद्रला पक्कं माहीत आहे की पूड एकच आहे. शरीर हवं, इच्छा नको. मळ्याला मजुराकडून हेच हवं असतं आणि बोमाँला मॅडलिनकडून हेच. हाल्पेरिन बंधूंना हे एवढं स्पष्ट म्हणायचं होतं का? मला नाही वाटत. त्यांना लुगोसीचे डोळे विकायचे होते. सिनेमाच्या नावातच बघा, काळे झॉम्बी ही बातमी नाही, गोरी मुलगी झॉम्बी होणं ही बातमी. चरकात पडलेल्या माणसाला नावही नाही, आणि मॅडलिन शेवटी शुद्धीवर येऊन नवऱ्याच्या मिठीत जाते. गिरणीतले बाकीचे? त्यांची कोणी चौकशी करत नाही.

ही चौकशी करणारा सिनेमा अकरा वर्षांनी आला, आणि तोही प्रेमकथाच. आरकेओ स्टुडिओने व्हॅल ल्यूटन नावाच्या निर्मात्याला स्वस्त भयपट काढायला बसवलं होतं. अटी अशा: खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी सव्वा तासाच्या आत, आणि सिनेमाचं नाव साहेब ठरवणार. (क्लायंट नाव आणि डेडलाइन देतो, आत काय भरायचं ते तुम्ही बघा. ओळखीचं वाटतंय?) नाव आलं 'आय वॉक्ड विथ अ झॉम्बी'. ल्यूटन वाचणारा माणूस. त्याने ठरवलं की या भयंकर नावाखाली वेस्ट इंडीजमधली 'जेन एअर' करायची. दिग्दर्शक जाक तूर्नर. साल १९४३.

कॅनडातली नर्स बेट्सी एका कॅरिबियन बेटावर नोकरीला येते. पॉल हॉलंड या मळेवाल्याच्या बायकोची, जेसिकाची, शुश्रूषा करायची. जेसिका तापातून उठली ती अशी: चालते, सांगितलेलं ऐकते, पण आत कोणी नाही. बेट्सी पॉलच्या प्रेमात पडते. आणि प्रेमात पडल्यावर ती काय करते, तर ज्याच्यावर प्रेम आहे त्याला त्याची बायको परत मिळवून द्यायचं ठरवते. डॉक्टरी उपाय थकतात तेव्हा एका रात्री जेसिकाचा हात धरून, उसाच्या शेतातून, व्हूडूच्या ठिकाणी घेऊन जाते. त्या वाटचालीत जवळपास संवाद नाहीत. वारा, उसाचा सळसळाट आणि वाटेत उभा असलेला उंच, उघडा, डोळे वटारलेला पहारेकरी काऱफूर. अख्ख्या झॉम्बी-इतिहासातली ही सगळ्यात सुंदर वाट आहे असं माझं प्रामाणिक मत.

पण मला जास्त आवडतो तो सुरुवातीचा टांगेवाला. बेट्सीला घेऊन जाताना तो सांगतो की हॉलंड घराण्याने आमच्या फार पूर्वीच्या आईबापांना साखळदंडात बांधून जहाजाच्या तळातून इथे आणलं. बेट्सी भाबडेपणाने म्हणते, पण किती सुंदर ठिकाणी आणलं ना! त्यावर तो अत्यंत अदबीने उत्तर देतो, की बाईसाहेब, तुम्ही म्हणता तर तसं असेल. त्याच गुलामांच्या जहाजाच्या नाळेवरची बाण लागलेल्या संताची मूर्ती हॉलंडच्या अंगणात उभी आहे, तिच्यावरून सतत पाणी ठिबकतंय. बाजारात एक गवई या गोऱ्या घराण्याच्या भानगडीवर गाणं रचून गातो आणि बेट्सीला घरातलं गुपित कळतं ते तिथे: जेसिका दिराबरोबर पळून जाणार होती, म्हणजे पॉलच्या सावत्र भावाबरोबर. पुढे सासू कबूल करते की घर मोडू नये म्हणून जेसिकाला झॉम्बी करा असं मीच सांगितलं. ताप की जादू, सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. काहीही असो, नको असलेली इच्छा मारून सून घरात ठेवली गेली. हे वाक्य लिहिताना वेस्ट इंडीज फार लांब वाटत नाही.

'जेन एअर'मध्ये माळ्यावर कोंडलेली रॉचेस्टरची पहिली बायको बर्था ही मुळात जमैकाचीच, हे आपण शाळा-कॉलेजात वाचताना विसरून जातो. ल्यूटनने तिला माळ्यावरून खाली अंगणात आणलं, पण बोलू दिलं नाही. ते काम डोमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हिसने १९६६ साली 'वाइड सारगासो सी' या कादंबरीत केलं. त्यात नवरा बायकोचं नावसुद्धा बदलून टाकतो. आणि त्यातही तो एका पुस्तकात झॉम्बीबद्दल वाचत बसलेला आहे. बाई हळूहळू कोण करतंय झॉम्बी, हे त्याला कळत नाही, वाचकाला कळतं.

दोनच वर्षांनी जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' आला आणि सगळं बदललं. गंमत म्हणजे त्यात झॉम्बी हा शब्दच नाही. रोमेरोच्या मढ्यांना भूक आहे, संसर्ग आहे, पण मालक नाही. कोणी उठवलेलं नाही, ती कोणासाठी राबत नाहीत. सिनेमा जबरदस्तच आहे, पण मालक गेला आणि त्याच्याबरोबर जुना प्रश्नही गेला. प्रेमाचा प्रश्न आता एवढाच उरला की आपलं माणूस 'तसं' झालं तर गोळी घालायची का. 'शॉन ऑफ द डेड'मध्ये (२००४) शॉन आईच्या बाबतीत त्याच प्रश्नापाशी येतो, आणि एवढ्या हसवणाऱ्या सिनेमात तिथे घशात आवंढा येतो. 'वॉर्म बॉडीज'ने उत्तर दिलं, गोळी नको, हात धरा. गोड आहे. पण 'आर'ने ज्यूलीच्या बॉयफ्रेंडचा मेंदू खाल्लाय, त्या मेंदूतल्या आठवणींमुळेच त्याला ती आवडायला लागलीय आणि हे तो तिच्यापासून बराच वेळ लपवतो. बोमाँने पूड फुलात लपवली होती. आपला 'झोंबिवली' (२०२२) प्रेमकथा म्हणून नव्हे, पण टॉवर, शेजारची वस्ती आणि पाणी यांची भानगड मध्ये आणतो, म्हणजे मालकाची पावलं निदान दिसतात.

जुना धागा खऱ्या अर्थाने उचलला तो बेर्त्राँ बोनेलोच्या 'झॉम्बी चाइल्ड' या २०१९ च्या फ्रेंच सिनेमाने. एका बाजूला १९६२ सालचा हैती: क्लेर्व्ह्यूस नार्सिस नावाचा माणूस मरतो, पुरला जातो आणि उसाच्या फडात जागा होतो. (हे नाव खऱ्या हकिकतीतलं. १९६२ मध्ये मृत म्हणून नोंदलेला नार्सिस १९८० साली बहिणीसमोर येऊन उभा राहिला, असा दावा झाला आणि शास्त्रज्ञांनी त्यावर बराच काथ्याकूट केला.) दुसऱ्या बाजूला आजचं पॅरिस. नेपोलियनने सुरू केलेली मुलींची प्रतिष्ठित शाळा. तोच नेपोलियन, ज्याने १८०२ मध्ये फ्रेंच वसाहतींत गुलामी पुन्हा कायदेशीर केली. शाळेत फॅनी नावाची गोरी मुलगी प्रेमभंगाने वेडीपिशी झालीय. वर्गातल्या हैतीयन मुलीची मावशी व्हूडू जाणते, हे कळल्यावर ती पैसे घेऊन तिच्या दारात उभी राहते. शतक उलटत आलं, बोमाँच्या जागी शाळकरी मुलगी आली, पण हिशोब तोच: माझ्या मनाला लागलंय, तुमच्याकडे पूड आहे, किती द्यायचे? आणि तिकडे नार्सिस फडातून निसटून, वर्षानुवर्षं भटकत, आपल्या बायकोच्या दिशेने चालतोय.

'व्हाइट झॉम्बी'वर आता कोणाचा कॉपीराइट नाही, नेटवर फुकट आहे, सव्वा तासाच्या आत संपतो. या वीकेंडला बघणार असाल तर गिरणीचा सीन आला की आवाज वाढवा. पार्श्वसंगीत नाही. नुसतं लाकूड करकरतं, बराच वेळ.